विषय: बागेतल्या गड्यांचा हिशोब, गुरुवारच्या आत!

मंडळी, तात्यांकडे बोललो त्याचंच पुढे. देवगडच्या आमच्या आंब्याच्या बागेतले सातही नेपाळी गडी गुरुवारी निघतायत, पाऊस तोंडावर आलाय. मुकादमाला मी सगळे पैसे पाठवून झालेत आणि तो म्हणतो उचल कापून कुणाचं काही उरत नाही. मग मी पुन्हा पैसे द्यायचे का? कुणी मिटवलंय असं?
– दादा, मस्कत

दादा, द्यावे लागतील. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर जबाबदारी मालकावर येते, वेतन संहितेत तसंच आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. काम सुटल्यावर कामाच्या दोन दिवसांत हिशोब द्यायचा असतो. दाव्याला तीन वर्षं मुदत, वर दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते. त्यापेक्षा समोरासमोर बसवून तडजोड करा, पण लेखी. आणि "काही येणं नाही" एवढ्या एका ओळीवर अंगठे घेऊ नका, दिवस, रोज, उचल, बाकी, सगळं माणसागणिक लिहा.
– वहिनी

वहिनी बरोबर बोलतायत. आमचे बाबा हर्णैला पावसाळी मासेमारीबंदी लागायच्या आधी, म्हणजे ३१ मेच्या आत, होडीवरच वही उघडून बसायचे, प्रत्येक खलाशाला त्याची उचल मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तो हो म्हणाला की मगच पुढचं पान. तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याच्या, हातात दुसऱ्याचा पैसा कधी दिला नाही.
– हर्णैकर

मंडळाच्या नावाने कुणीही मुकादमाला फोन करू नये ही विनंती. मंडपवाल्याचं अजून मीच निस्तरतोय.
– खजिनदार

खजिनदारसाहेब, मंडळाचं नाव कुणी काढलं? माणसं पैशावाचून घरी जातायत.
– हर्णैकर

झालं एकदाचं. काल पोलीस पाटलांच्या पडवीत सगळे बसले, मी व्हिडिओ कॉलवर. मुकादमाच्या वहीत धाकट्या गड्याचे ६१ दिवस, आणि त्या पोराने झेल्याच्या (आंबे उतरवायच्या जाळीच्या) काठीवर कोयत्याने रोज एक खाच मारलेली, मोजल्या तर ७२. पेट्यांच्या गाडीच्या पावत्या काढल्या तर खाचाच खऱ्या. ७२ गुणिले ६०० म्हणजे ४३,२००, उचल १५,०००, बाकी २८,२००. भावाने सातही जणांना ज्याच्या त्याच्या हातात मोजून दिले, कागद हिंदीत वाचून दाखवला, एक प्रत त्यांच्याकडे. मुकादमाकडची वसुली वेगळी, त्याचं काय करू वहिनी?
– दादा

तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या, केस न लावता लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे तडजोड झाली की त्यावर अपील नाही. पावत्या जपून ठेवा, आणि त्या काठीचा फोटो पण.
– वहिनी