२०२४चे विजेते: नोंद हंगामाच्या नावावर करावी की अंतिम सामन्याच्या तारखेवर?

पाटीवरचा खडू (प्रश्न):

नमस्कार मंडळी. मी निवृत्त क्रीडाशिक्षक असून आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर जानेवारीत सरलेल्या वर्षातील विजेत्यांचा तक्ता लावतो. कार्डशीटवर रेघा मारून खेळ, स्पर्धा, विजेता, उपविजेता, ठिकाण आणि तारीख असे सहा रकाने आखायचे आणि एका स्पर्धेला एकच ओळ द्यायची, हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. २०२४ने मात्र तो मोडीत काढला.

प्रो कबड्डीचेच पाहा. दहाव्या हंगामाचा अंतिम सामना १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झाला आणि पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. अकराव्या हंगामाचा अंतिम सामना त्याच वर्षी २९ डिसेंबरला आपल्या पुण्यातल्या बालेवाडीत झाला आणि हरियाणाने पाटणा पायरेट्सवर ३२-२३ अशी मात केली. एका वर्षात दोन विजेते, आणि माझ्या तक्त्यात जागा एकाचीच. फुटबॉलच्या संतोष करंडकाचीही तीच गत आहे. ९ मार्चला अरुणाचलमध्ये सेनादलाने गोव्याला १-० असे हरवले, तर ३१ डिसेंबरला हैदराबादमध्ये बंगालने केरळला १-० असे हरवले. उलट राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांची ओळ यंदा कोरीच राहणार, कारण गोव्यातील स्पर्धा २०२३च्या नोव्हेंबरात आटोपल्या आणि उत्तराखंडातील २०२५च्या जानेवारीअखेरीस ठेवल्या गेल्या.

दुसरी अडचण तारखेची आहे. पॅरिस ऑलिंपिकमधील नीरज चोप्राच्या भालाफेकीतील रौप्यपदकाची तारीख मी ९ ऑगस्ट अशी लिहिली, कारण आम्ही सारे त्या मध्यरात्री दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. वाचनालयात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मात्र ती ८ ऑगस्ट असल्याचे ठामपणे सांगितले. नेमबाज स्वप्निल कुसळे याच्या कांस्यपदकाची नोंद १ ऑगस्ट, पॅरिस अशी केली आहे. तेवढी तरी बरोबर असावी. शाई वाळण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

साखळीतला गडी:

सर, कबड्डीपुरते बोलायचे तर तुम्ही दोन्ही ओळी लिहाव्यात आणि स्पर्धेच्या नावापुढे हंगामाचा क्रमांक घालावा. या स्पर्धेला मुळात सनावळीने कोणी ओळखतच नाही. मैदानावर बसणारा प्रेक्षकसुद्धा ‘दहावा हंगाम’, ‘अकरावा हंगाम’ असेच म्हणतो. दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला होता, त्यामुळे त्याला निखळ २०२४चा म्हणता येत नाही आणि २०२३चाही म्हणता येत नाही.

एकच ओळ ठेवली तर काय हरवेल, तेही सांगतो. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई मार्चमध्ये पुणेरी पलटणकडून जिंकला आणि डिसेंबरमध्ये हरियाणाकडून जिंकला. मार्चच्या सामन्यात त्याने ज्यांना हरवले, त्यांच्याच जर्सीत त्याने वर्षअखेरीस करंडक उचलला, तोही पुण्यात, जिथल्या प्रेक्षकांनी त्याला आधीच्या हंगामात डोक्यावर घेतले होते. तक्त्यात केवळ डिसेंबरचा विजेता राहिला, तर हरियाणा मार्चमध्ये हरून डिसेंबरमध्ये जिंकले हे कळायला मार्ग उरत नाही. आणि केवळ मार्चचा राहिला, तर अस्लम इनामदारच्या पुणेरी संघाचा पहिलावहिला करंडक दिसेल, पण पुढची गोष्ट अर्धवटच राहील.

मार्चचा तो सामना मी मित्राच्या दुकानात उभा राहून पाहिला. पहिल्या डावाच्या शेवटाकडे पुणेरीच्या पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला सुटे पैसे देणे तिथेच थांबवले. अंतिम फरक तीनच गुणांचा होता, त्यामुळे ती चढाई वगळून त्या सामन्याचा हिशेब लागतच नाही. तुमच्या तक्त्यात ‘विशेष’ असा सातवा रकाना बसत असेल तर जरूर बसवा.

---

ऑफला एक यष्टी:

वरील प्रतिसादातील दोन ओळींची सूचना मला मान्य आहे. परंतु क्रिकेटला तोच नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्याकडील देशांतर्गत क्रिकेटचा हंगाम पावसाळा ओसरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो, म्हणूनच तो ‘२०२३-२४’ असा जोडसनाने लिहिण्याची रीत आहे आणि ती मोडण्याचे काहीही कारण नाही. १० ते १४ मार्च २०२४ या काळात वानखेडेवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवून बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला, तो २०२३-२४चा. पहिल्या डावात १०५ धावांत गुंडाळल्या गेलेल्या विदर्भाने ५३८ धावांच्या लक्ष्यापुढे ३६८पर्यंत मजल मारली, हेही नोंदवा. उपविजेत्याच्या रकान्यात नुसते नाव लिहिले की ती पाचव्या दिवसापर्यंतची झुंज दिसत नाही. शेवटचा गडी धवल कुलकर्णीने बाद केला आणि तो त्याचा निरोपाचा सामना होता.

खरी गुंतागुंत रणजी विजेता विरुद्ध शेष भारत या इराणी चषकाच्या सामन्याची आहे. २०२३-२४चा रणजी विजेता म्हणून मुंबई या सामन्यात उतरली, सामना मात्र ऑक्टोबर २०२४मध्ये लखनौला झाला, म्हणजे तो २०२४-२५च्या हंगामात मोडतो. शिवाय सामना अनिर्णित राहिला! सर्फराज खानच्या नाबाद २२२ धावांमुळे मुंबईने ५३७ धावा उभारल्या, शेष भारताला ४१६मध्ये रोखले आणि पहिल्या डावातील आघाडीवर सत्तावीस वर्षांनंतर चषक मिळवला. तेव्हा ‘मुंबईने शेष भारताला हरवले’ असे लिहू नका; ‘पहिल्या डावातील आघाडीवर विजेते’ असे लिहा.

आणखी एक बारकावा आहे. तक्त्यात ‘राज्य’ असा रकाना नाही हे उत्तमच, कारण आपल्या एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ खेळतात. वानखेडेवरचा अंतिम सामना हा महाराष्ट्र राज्यातल्याच दोन संघांचा होता, आणि त्यांपैकी एकाचेही नाव ‘महाराष्ट्र’ नव्हते. परगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगताना दरवेळी माझा एक कप चहा गार होतो.

पुरुषांच्या टी-२० विश्वचषकाबाबत वाद नसावा. २९ जून, ब्रिजटाऊन, भारत ७ बाद १७६, दक्षिण आफ्रिका ८ बाद १६९. त्यांना ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि सहा गडी हातात होते, एवढे त्या ‘विशेष’ रकान्यात लिहिलेत तर ज्यांनी सामना पाहिला त्यांना पुढचे सगळे आठवेल. महिलांच्या विश्वचषकाच्या ओळीत मात्र ठिकाण जपून लिहा. यजमानपद बांगलादेशाकडे होते, सामने संयुक्त अरब अमिरातीत झाले, आणि न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेला दुबईत ३२ धावांनी हरवले. ठिकाण म्हणजे जिथे चेंडू पडला ते.

---

अडीच घरांचा घोडा:

बुद्धिबळाच्या दोन ओळी तुमच्या तक्त्यात असतीलच, म्हणून एक दुरुस्ती आधीच सुचवतो. बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने २२ सप्टेंबरला दोन सुवर्णपदके जिंकली, ती ‘पुरुष’ आणि ‘महिला’ गटांत नव्हे, तर ‘खुल्या’ आणि ‘महिला’ गटांत. खुल्या गटात कोणीही खेळू शकते. बहुतेक ठिकाणी ‘पुरुष संघ’ असे छापून येते आणि शाळकरी मुली तेच वाचतात. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता. महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, तिने आपल्या पटावर वैयक्तिक सुवर्णही मिळवले, आणि त्या संघाचे कर्णधारपद पुण्याचे अभिजित कुंटे यांच्याकडे होते.

गुकेशच्या विश्वविजेतेपदाची तारीख १२ डिसेंबर, ठिकाण सिंगापूर, गुण ७.५-६.५. चौदाव्या आणि शेवटच्या डावापूर्वी त्याचे आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन याचे गुण समसमान होते. डाव बरोबरीकडे झुकलेला असताना पंचावन्नाव्या चालीत डिंग लिरेनने हत्ती असा ठेवला की हत्तींची आणि पाठोपाठ उंटांची मारामारी टाळता येईना, आणि राजा-प्याद्यांच्या उरलेल्या खेळात एक प्यादे जास्त असलेला गुकेश जिंकणार हे उघड झाले. त्या वेळी मी मोबाइलवर चाली पाहत होतो. चूक गुकेशच्या ध्यानात आली तो क्षण पडद्यावर स्पष्ट दिसला: त्याने पाण्याचा घोट घेतला, पटाकडे पुन्हा पाहिले, आणि मग त्याला बसवेना.

तारखेच्या वादाचा निकाल लावणारे उदाहरणही बुद्धिबळातच आहे. न्यूयॉर्कमधील जागतिक ब्लिट्झ (अतिजलद बुद्धिबळ) स्पर्धेचा अंतिम सामना तिथे ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी झाला. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०२५ उजाडला होता. भारतीय घड्याळ प्रमाण मानले, तर ही स्पर्धा तुमच्या तक्त्यातून पूर्ण बाहेर पडते, जे उघडच चुकीचे होईल. म्हणून तारीख नेहमी खेळ झाला त्या गावची धरावी. विद्यार्थी बरोबर आहे. नीरजची तारीख ८ ऑगस्टच.

---

तिसरी मार्गिका:

तारखेबद्दल वरील मताशी सहमत आहे. १४ जुलैचा रविवार हा तर त्याचा उत्तम दाखला: विम्बल्डनमध्ये अल्काराझने जोकोविचला हरवले, बर्लिनमध्ये स्पेनने इंग्लंडला २-१ असे हरवून युरो जिंकली आणि मायामीत अर्जेंटिनाने कोलंबियाला १-० असे हरवून कोपा अमेरिका जिंकली. भारतीय वेळेने मांडले तर तीनपैकी दोन स्पर्धा सोमवारवर जातात आणि हा योगच नाहीसा होतो.

ठिकाणाच्या रकान्यात मात्र सरांची एक चूक झाली आहे. स्वप्निलने पदक पॅरिसमध्ये जिंकले नाही. ऑलिंपिकची नेमबाजी पॅरिसपासून दूर शातोरू येथे झाली. कांबळवाडीच्या या रेल्वे कर्मचाऱ्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवले. हेलसिंकीत १९५२ साली खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या कांस्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. एवढ्या मोठ्या नोंदीत गावाचे नाव चुकू नये.

पदकतालिका लावणार असाल तर क्रम कसा ठरतो ते तळाशी लिहा, अन्यथा प्रश्नांचा भडिमार होईल. भारताची एक रौप्य आणि पाच कांस्य अशी सहा पदके असून क्रमांक ७१वा. पाकिस्तानचे अर्शद नदीमचे एकच सुवर्ण असून क्रमांक ६२वा. आधी सुवर्णे मोजतात, ती सारखी असली तर रौप्ये. अमेरिका आणि चीन यांची सुवर्णे प्रत्येकी चाळीस होती, त्यामुळे अव्वल क्रमांकही रौप्यांवर ठरला.

पॅरालिंपिकची ओळ जुन्या कात्रणांवरून भरू नका. नवदीप सिंगला भालाफेकीत आधी रौप्य जाहीर झाले होते, नंतर इराणचा खेळाडू अपात्र ठरला आणि नवदीपच्या रौप्याचे सुवर्ण झाले. सांगली जिल्ह्यातील करगणीच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत १६.३२ मीटरसह रौप्य जिंकले, तिथे एफ४६ हा अपंगत्वाचा गटही लिहा. गट न लिहिता पॅरालिंपिकचा आकडा लिहिणे म्हणजे वजनगट न सांगता कुस्तीचा निकाल सांगण्यासारखे आहे.

आता माझा मूळ आक्षेप. केवळ विजेते लिहिले की अविनाश साबळे तुमच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा हा धावपटू तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष ठरला आणि तिथे अकरावा आला. त्याच्या महिनाभर आधी, ७ जुलैला, त्याच पॅरिसमध्ये डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता, आणि त्या शर्यतीतही तो पहिल्या तिघांत नव्हता. विजेता नाही, उपविजेता नाही, तरी वर्षातली आपल्या ॲथलेटिक्सची ती मोठी घटना आहे. त्यासाठी कोणता रकाना ठेवणार?

---

ऑफला एक यष्टी:

साबळेचा मुद्दा रास्त असला, तरी त्याला विजेत्यांच्या तक्त्यात घुसवू नये. एकदा अकरावा क्रमांक आत घेतला की मग मनू भाकर दोन कांस्यांनंतर तिसऱ्या प्रकारात चौथी आली, लक्ष्य सेन चौथा आला, मीराबाई चौथी आली, हे सारे आत घ्यावे लागेल, आणि तक्ता वाचनालयाच्या दारापर्यंत जाईल. विक्रमांसाठी शेजारी वेगळा कागद लावावा.

---

पाटीवरचा खडू:

सर्वांचे मनापासून आभार. शातोरूची चूक वेळेवर कळली, अन्यथा ती वर्षभर भिंतीवर राहिली असती. काल संध्याकाळी जुनी कार्डशीट उलटी करून पाठीमागे नव्याने रेघा मारल्या. स्पर्धेच्या नावापुढे हंगाम आणि शेवटच्या रकान्यात सामन्याच्या गावची तारीख, असे ठरवले आहे. त्यामुळे कबड्डी आणि संतोष करंडक यांना दोन-दोन ओळी मिळाल्या. राष्ट्रीय स्पर्धांच्या ओळीत ‘या वर्षी झाल्या नाहीत’ असे लिहिले. ‘विशेष’चा रकाना अरुंद झाला, पण शादलुईचे नाव त्यात मावले. साबळेसाठी वेगळा कागद घेतला आहे आणि तो तक्त्याच्या डावीकडे, दार उघडताच दिसेल असा लावणार आहे.

एक नवी शंका मात्र उरली. न्यूयॉर्कची ती ब्लिट्झ स्पर्धा कार्लसन आणि नेपोम्नियाची यांनी वाटून घेतली, असे आमच्या विद्यार्थ्याने सांगितले. तेव्हा विजेत्याच्या रकान्यात दोन्ही नावे लिहून उपविजेत्याचा रकाना रिकामा सोडावा, की तिथे आडवी रेघ मारावी?

---

अडीच घरांचा घोडा:

विद्यार्थ्याची माहिती खरी आहे. रेघच मारा. रिकामा सोडलात तर कोणीतरी पेन्सिलीने नाव भरून जाईल.