नसबंदीचं नाव काढलं की स्त्रीवादी पुरुष कुठं जातात?

चिंचोका:
आठ मार्चला सावित्रीबाईंचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या पाच मित्रांना विचारलं, मुलं झाल्यावर ऑपरेशन कोणाचं झालं? पाचही घरांत बायकोचं. दोघींचं तर सिझेरियनलाच उरकलं, 'पोट उघडलंच आहे तर' म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (2019-21) सांगते, देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची नसबंदी झालीय. नवऱ्याची झालेल्या फक्त 0.3 टक्के! वास्तविक पुरुषाचं काम सोपं. तेवढी जागा बधिर करतात, वीस मिनिटांत मोकळे, टाकाही नाही. बाईच्या पोटात शिरावं लागतं. मी चार महिन्यांपूर्वी करून घेतली. तिसऱ्या दिवशी कामावर. आईचा अबोला मात्र आठवडाभर टिकला.

खडूस_काका:
अभिनंदन, हार कुठं पाठवू? अहो, 1976 साली माणसं धरून नेत होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या धास्तीला मर्दानगीचा गंड म्हणून मोकळे होऊ नका. आणि एका ऑपरेशननं कोणी स्त्रीवादी होत नाही. रात्री भांडी कोण घासतं ते सांगा.

चिंचोका:
भांडी मीच घासतो. (रोज नाही. खोटं कशाला बोलू?) पण आणीबाणीनंतर जन्मलेले पस्तिशीतले गडीही 'ताकद जाते' म्हणतात, त्याचं काय? नस बांधली तरी हार्मोन्स रक्तातून जायचे तसे जातात. ही धास्ती नाही काका, सोय आहे.

जुनी_वही:
काकांशी अर्धी सहमत. पुरुषाची परीक्षा घरातच होते. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण 1873 साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या हट्टापुढे नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुढे रमाबाईंना शिकवलं, तेही खरं. उलट र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, प्राध्यापकी गेली तरी मागं हटले नाहीत.

रानजाई:
मी उपकेंद्रात नर्स आहे. पुरुषाला सरकारी पैसे बाईपेक्षा जास्त मिळतात, तरी कोणी फिरकत नाही. पण 'त्यांचं नको' हे बऱ्याचदा बायकोच आधी म्हणते. 'ह्यांना वजन उचलावं लागतं' हे वरवरचं कारण. आतलं निराळंच. पुरुषाच्या ऑपरेशननंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग वीर्य तपासून घ्यायचं. तपासायला कोण परत येतो? त्यात दिवस गेले की बोट तिच्याकडं. 'कोणाचं?' विचारायला सासू तयारच. त्यापेक्षा माझंच करा, म्हणते. तिला मागासलेली म्हणू नका, तिनं हिशोब बरोबर केलेला असतो.

खडूस_काका:
हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

कैरी:
कोणाच्याच आलं नाही, कारण एवढ्या चर्चेत चिंचोकांच्या बायकोला कोणी विचारलंच नाही. तुम्ही केलीत, तुम्ही सोसलंत, तुमच्या आईनं अबोला धरला. ती कुठाय?

चिंचोका:
आत्ता विचारलं. ओट्यापाशी होती. म्हणाली, "तपासणीचा रिपोर्ट अजून आणला नाहीस तू."