शकुंतलेसाठी वर्गणी: घरच्या ग्रुपवर

ताई (अमरावती): सगळ्यांनी जरा नीट वाचा, फॉरवर्ड नाहीये, मी स्वतः लिहितेय. रविवारी दर्यापूरला गेले होते, बनोसा स्टेशनवर, आपली शकुंतला, म्हणजे अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची ती छोट्या रुळांची गाडी, परत सुरू व्हावी म्हणून सह्या गोळा करणाऱ्या पोरांसोबत. रुळांच्या मधोमध बाभळी आल्यात हो, माझ्या डोक्याच्या वर. एका ठिकाणी तर रूळ दिसेचना, पाय घासत गेले तेव्हा बोटाला लोखंड लागलं. जिथं बसून आजीची वाट बघायचो तिथं आता शेळ्या बांधतात. तर म्हणणं असं की आपल्या घरातून दर कुटुंबामागे 500 रुपये द्यायचे आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही. फॉर्मचा फोटो टाकते, प्रिंट काढून सही करून पाठवा.

धाकटी (पुणे): ताई मी देते नक्की. पण मला वाटायचं ती हेरिटेज म्हणून ठेवणार आहेत, माथेरानसारखी? ती 2019 च्या पावसात बंद पडली होती, 2022 ला नेरळवरून परत सुरू झाली की.

ताई: माथेरानला लोक फिरायला जातात ग. आपल्याकडे अंजनगावची बाई पानाची टोपली घेऊन मूर्तिजापूरला जायची, तिला हेरिटेज काय करायचंय. तिला स्वस्त तिकीट आणि टोपली ठेवायला जागा पाहिजे. आमची मागणी ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळांच्या मोठ्या गाडीची आहे, अचलपूर ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ, दोन्ही बाजू. जुनं इंजिन आणि एखादा डबा स्टेशनवर जपून ठेवा, त्याला ना नाही, पण गाडी खरी पाहिजे.

दादा (अकोला): पैशाचं काय मला कळलं नाही. रूळ टाकणं सरकारचं काम, त्याला आपण वर्गणी काढायची? आणि दर निवडणुकीला शकुंतलेचं नाव निघतंच, मग पुढं काही होत नाही.

ताई: दादा रूळ टाकायला मागतच नाहीये कोणी. हँडबिल छापायची, माहिती अधिकाराचे अर्ज, झेरॉक्स, निवेदन घेऊन मुंबई दिल्लीला जाणाऱ्यांचं रेल्वे तिकीट, एवढंच. तेही सेकंड स्लीपरचं. आतापर्यंत पोरं स्वतःच्या खिशातून करत होती, त्यातला एक जण दुकान बंद ठेवून येतो. हिशोबाची वही मी पाहिली, प्रत्येक पावती चिकटवलेली आहे. खातं दोघांच्या सहीचं आहे. अचलपूरच्या लोकांनी तर याच्यासाठी सत्याग्रह केलाय, आपण 500 ला मागेपुढे बघायचं का?

आणि निवडणुकीचं म्हणशील तर म्हणूनच पाठपुरावा पाहिजे ना, नुसत्या घोषणेनं फाईल हलत नाही.

मोठे काका (दर्यापूर): हाव. मी सांगतो पोट्टेहो. ही गाडी इंग्रजाच्या कंपनीनं कापसासाठी टाकली. यवतमाळचा, आपला कापूस मूर्तिजापूरले आणायचा, तिथून मोठ्या गाडीत टाकून मुंबई, अन् मुंबईवून जहाजानं विलायतेले. इंजिन बी मँचेस्टरचं होतं, 1921 चं, कोळशावर धुकधुक करत 1994 पर्यंत चाललं. मंग डिझेल आलं. आपला कापूस नेऊन कंपनी मोठी झाली अन् आपल्याले चार डबे. 1951 ले बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, हे लाईन राहूनच गेली. मालकी कंपनीची, चालवे आपली रेल्वे. तिथंच सारं अडलं पाहा.

मोठे काका (दर्यापूर): फाटक आलं की गाडी थांबे, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावे, गाडी पुढं सरके, मंग तो फाटक उघडून पळत येऊन चढे. तुमची आजी म्हणे, याच्याहून बैल बरे. पण बसे त्याच गाडीत!

आत्या (कारंजा): आमच्या कारंज्याला दत्ताच्या देवळात येणारी किती गरीब माणसं त्याच गाडीनं यायची, दारव्ह्याकडची. एसटीला परवडत नव्हतं त्यांना. माझं पुठ्ठ्याचं तिकीट अजून पोथीत आहे, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हाचं. मी हजार देते, सही पण देते, चष्मा लावून करते.

जावई (लातूर): मी बाहेरचा असून बोलतो, चालेल ना. आमच्या बार्शी लाईट रेल्वेच्या रुळांची रुंदी हीच होती, अडीच फूट. तीही कंपनीचीच, पण 1954 ला सरकारनं घेतली आणि पुढं मिरजपासून लातूरपर्यंत सगळी ब्रॉडगेज झाली. तेव्हाही लोक म्हणायचे की एसटी आहे, कशाला पाहिजे. आणि 2016 ला लातूरात नळाला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती ह्याच रुळांवरून. आमच्या गल्लीत टँकरसमोर रात्री दोनला घागरींची रांग असायची. छोटी लाईन असती तर पाण्याच्या टाक्यांचे ते डबे कुठून येणार होते, सांगा. सहीचा फॉर्म मलाही पाठवा.

ताई: जावईबापू हे तुम्ही लिहून द्या, निवेदनात टाकू. खरंच द्या.

दादा (अकोला): हे मला माहीत नव्हतं. बरं, यवतमाळची बाजू तर वर्ध्याकडून होतेच आहे ना नवीन लाईन?

ताई: हो, वर्धा यवतमाळ नांदेड, 2024 ला वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी आली. मग यवतमाळहून मूर्तिजापूर 113 किलोमीटर जोडलं की ती मुंबईच्या मेन लाईनला मिळते, यवतमाळवाल्याला वर्ध्याला उलटं जायची गरज नाही. रुळांची जागा आधीच आहे दादा, भूसंपादनाची निम्मी भांडणं वाचतात. पण ही जागा अशीच पडून राहिली तर त्यावर घरं होतील, शेतं सरकतील, काही ठिकाणी सरकलीतच. रूळ उचलून भंगारात गेले की मग कोणाला काय मागायचं? म्हणून घाई करतेय.

दादा (अकोला): बरं. हजार टाकले बघ यूपीआयनं. आणि मी अकोल्यातल्या दोन वकिलांना विचारतो, माहिती अधिकाराचे अर्ज ते फुकट लिहून देतील.

मोठे काका (दर्यापूर): मी पैशे नाही टाकत फोनवर, मले येत नाही. पोरं येतील तवा हातात देतो. अन् येत्या रविवारी कुऱ्हाड घेऊन येतो बनोशाले, बाभळी तोडाले. कोण येऊन राह्यलं माह्यासंगं?