लहान मुलाचा घोळणा वारंवार फुटतो: घरी काय करावे, डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. होळीनंतर ऊन वाढू लागले तसा माझ्या चार वर्षांच्या मुलाचा घोळणा वारंवार फुटू लागला आहे. रक्त नेहमी उजव्याच नाकपुडीतून, बहुधा दुपारी खेळून आल्यावर किंवा पहाटे झोपेत येते आणि काही मिनिटांत थांबते. ताप नाही, मार लागलेला नाही. नाकात बोट घालण्याची सवय मात्र आहे.

अडचण उपायांची आहे. सासूबाई त्याला उताणे झोपवून टाळूवर गार पाणी ओततात व फोडलेला कांदा हुंगायला देतात. शेजारच्या मावशी नाकात दूर्वांचा रस पिळायला सांगतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी याच्या अगदी उलट, पुढे वाकवून नाक दाबायला सांगितले. परंतु दवाखान्यातील गर्दीत कोठे आणि किती वेळ दाबायचे, हे विचारायचे राहून गेले. मूल रडून हात झटकत असेल तर काय करावे? रात्रभर कूलर चालेल का? रक्ताच्या तपासण्या आताच कराव्यात का? सासूबाईंना नुसते ‘असे करू नका’ म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण समजले तर त्या नक्की ऐकतील.

प्रतिसाद १ (बालरुग्ण विभागातील परिचारिका)

ताई, नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि मुलांचा घोळणा बहुतांशी तेथेच फुटतो. कोरड्या हवेने आतली नाजूक त्वचा तडकते, खपली धरते, मूल ती बोटाने काढते आणि रक्त पुन्हा येते. उताणे झोपवले की हेच रक्त घशातून पोटात उतरते, मग मळमळून काळपट रक्ताची उलटी होते आणि सगळे घर हादरते. सासूबाईंना एवढे सांगितले तरी पुरे.

मुलाला मांडीवर, त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून बसवा आणि किंचित पुढे झुकवा. हाडाखालचा मऊ भाग, दोन्ही नाकपुड्या मिळून, चिमटीत धरा आणि घड्याळ लावून सलग १० मिनिटे सोडू नका. थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच सोडले की धरलेली गाठ निघते. तोंडाने श्वास घ्यायला आणि तोंडात आलेले रक्त थुंकायला सांगा. एरवी मोबाइलला माझा विरोध असतो, पण या १० मिनिटांत कार्टून अवश्य लावा. थांबले नाही तर आणखी १० मिनिटे दाबा. अंगणवाडीतील ताईंनाही हेच दाखवून ठेवा.

नखे कापा, आणि सकाळ-संध्याकाळ नाकपुडीच्या आतल्या कडेला व्हॅसलिनचा पातळ थर लावा. कूलरची हवा दमट असल्याने तो चालेल. झोत तोंडावर नको, आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास होतील.

दोनदा नीट दाबूनही रक्त थांबले नाही, फार वाहिले, डोक्याला मार लागल्यावर आले किंवा मूल फिकट व मलूल पडले, तर लगेच १०८ ला फोन करा. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, तापात रक्त येणे, घराण्यात रक्त लवकर न थांबण्याचा त्रास, यांपैकी काहीही असेल तर तपासण्या हव्यातच; एरवी प्रत्येक मुलाला त्यांची गरज नसते. तुमच्याकडे मात्र एकच नाकपुडी असल्याने कान-नाक-घसा तज्ज्ञांना आतून पाहू द्या, कारण या वयाची मुले मणी, हरभरा, चिंचोका काहीही नाकात घालतात. अशा वेळी त्या बाजूने दुर्गंधीयुक्त शेंबूडही येतो.

प्रतिसाद २

दूर्वांचा रस नाकात मुळीच घालू नका. गाठ धुऊन निघते आणि रस स्वच्छ असेलच असे नाही. कांद्याने रक्त थांबत नाही, पण नाक दाबलेले असताना सासूबाईंनी कपाळावर गार पाण्याची घडी ठेवण्यास हरकत नाही. त्यांच्या हाताला काम राहते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. दुर्गंधी नाही, पण नाकपुडीत खपली दिसते. असा भाग डॉक्टर औषधाने जाळतात असे ऐकले. एवढ्या लहान मुलाला ते करावे लागते का?

प्रतिसाद १

पहिल्याच भेटीत सहसा नाही. आधी काही दिवस मलम लावायला देतात. तरीही वारंवार येत राहिले, तरच जागा बधिर करून तेवढा ठिपका जाळण्याचा विचार होतो. खपली तुम्ही काढू नका.