मांडवा ते पणजी सायकलप्रवास : आयोजित सहल की स्वतःच्या बळावर?

येत्या जानेवारीत मी आणि माझी पत्नी (वये अनुक्रमे 54 आणि 51) कोकण किनाऱ्याने मांडव्यापासून पणजीपर्यंत सायकलने जाऊ इच्छितो. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार ठिकाणी फेरीबोटीने खाडी ओलांडायची, असा मार्ग ठरवला आहे.

आयोजित सहलीत सामान वाहणारी गाडी आणि दुरुस्तीचा माणूस सोबत असतो, ही मोठी सोय आहे. पण रोजचे अंतर आणि मुक्काम आधीच ठरलेले असल्याने आंजर्ल्याला किंवा वेळासला मनाजोगे थांबता येणार नाही, आणि आम्हाला तर त्यासाठीच जायचे आहे. स्वतः गेलो तर दोघांचे मिळून सुमारे 20 किलो सामान पॅनियरमध्ये (सायकलच्या कॅरियरला अडकवायच्या पिशव्यांमध्ये) घेऊन, खाडीशी उतरणारे आणि लगेच पुन्हा चढणारे ते छोटे पण तीव्र चढ पार करावे लागतील. पत्नीचा गुडघा अधूनमधून दुखतो, ही माझी खरी काळजी आहे.

ज्यांनी हा मार्ग सामानासह केला आहे, त्यांनी कृपया सांगावे : दिवसाला 50 किलोमीटर झेपतात का, आणि वाटेत स्पोक तुटल्यास दुरुस्ती कुठे होते?