फोनचं बिल २४८ डॉलर झालंय, आहे त्याच कंपनीकडून कमी करून मिळतं का?

नमस्कार मंडळी,
आमच्या ५ लाइन्स आहेत, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. बिल थोडंथोडं वाढत २४८ वर गेलंय. कंपनी बदलायची भीती वाटते कारण बेसमेंटमध्ये हेच नेटवर्क लागतं आणि नंबर १४ वर्षांचे, भारतात सगळ्यांकडे तेच आहेत. मागच्या आठवड्यात फोन केला तर त्या मुलाने गोडगोड बोलून उलट महागडाच प्लॅन गळ्यात मारायला घेतला होता. कोणी केलंय का हे?
– एडिसनहून (न्यू जर्सी) एक वहिनी

---

वहिनी, होतं कमी. आमचं २३६ चं १७२ झालं, पण त्या ६४ पैकी ४४ तर घासाघीस न करताच सुटले. आधी बिलाची पीडीएफ उघडून एकेक ओळ वाचा. आमच्याकडे दोन जुन्या फोनांचा इन्शुरन्स चालू होता, १७-१७ डॉलर, आणि मुलाने कधीच घालणं सोडलेल्या स्मार्टवॉचची १० डॉलरची लाइन, वर्षभर कोणाच्या लक्षातच नाही.

मग ६११ (कंपनीचा कस्टमर केअर नंबर) लावा आणि मशीनने विचारलं की सरळ ‘कॅन्सल सर्व्हिस’ म्हणा, म्हणजे फोन रिटेन्शनवाल्यांकडे (सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवणारे) जातो, सूट द्यायचा अधिकार त्यांच्याकडे असतो, पहिल्या माणसाशी डोकं लावू नका. त्याआधी दुसरीकडचा पक्का आकडा हातात ठेवा. मोठ्या कंपन्यांचेच स्वस्त ब्रँड असतात, व्हिजिबल हा व्हेरायझनचा, क्रिकेट एटी अँड टीचा आणि मिंट २०२४ पासून टी-मोबाइलचा, टॉवर तेच, त्यामुळे तुमच्या बेसमेंटला जो टॉवर लागतो त्याच्यावरचाच स्वस्त ब्रँड सांगायचा (गर्दीच्या वेळी तिथे स्पीड कमी मिळू शकतो हे मात्र खरं). नंबर २००३ पासून घेऊन जाता येतो, फक्त आधी अकाउंट बंद करू नका, नाहीतर नंबर जाईल.

एक महत्त्वाचं, फोन ३६ महिन्यांच्या क्रेडिटवर (म्हणजे हप्त्यावर, आणि कंपनी दर महिन्याला बिलात थोडी सूट देते) घेतलेत का? सोडून गेलात तर क्रेडिट बंद आणि उरलेले पैसे एकदम भरावे लागतात, आणि समोरच्याला स्क्रीनवर ते दिसत असतं, त्यामुळे तुम्ही जाणार नाही हे त्याला माहीत असतं. हप्ते संपलेल्या लाइन्सवर जोर द्या. आणि ‘प्लॅन बदलला की सूट मिळेल’ म्हणाले तर लगेच हो म्हणू नका, जुना प्लॅन एकदा सोडला की बहुतेक वेळा परत मिळत नाही. मिळालेली सूट किती महिन्यांची ते चॅटवर लिहून घ्या, आमची १२ महिन्यांची आहे, कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलीय.
– प्लेन्सबरोचे काका

---

काका, खूप आभार! सासूबाईंच्या ६ वर्षं जुन्या फोनचा इन्शुरन्स सापडला, आजच काढला. तीन फोनांचे हप्ते संपलेत, दोघांचे अजून ७ महिने आहेत. शनिवारी सकाळी ह्यांना शेजारी बसवून फोन करते, काय मिळालं ते इथेच कळवते.