शब्दचर्चा : पंथ, संप्रदाय, परंपरा, चौथीच्या वर्गात कोणता शब्द वापरावा?

चर्चाप्रस्ताव

नागपुरातील एका सेमी-इंग्रजी शाळेत मी चौथीच्या मुलांना परिसर अभ्यास शिकवते. इस्लाम आणि बौद्ध धम्म यांची ओळख करून देताना त्यांच्यातील अंतर्गत वैविध्य मुलांना कोणत्या शब्दांत सांगावे, हा प्रश्न मला गेली दोन वर्षे पडलेला आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. रमजान ईदच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर लिहिले, ‘उद्या मुसलमानांची ईद आहे.’ पहिल्या बाकावरचा, बोहरा कुटुंबातला मुलगा उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, आमची ईद त काल झाली.’ मोमीनपुरा या शहरातल्या मुस्लिमबहुल मोहल्ल्यातून येणारा त्याचा मित्र लगेच म्हणाला, ‘काल कशी? चंद्र त आज दिसन.’ दोघांचेही म्हणणे खरे होते. दाऊदी बोहरा समाजाचे हिजरी कॅलेंडर गणिताने आधीच ठरलेले असते, त्यामुळे त्यांची ईद बहुधा एकदोन दिवस आधी येते. मोमीनपुऱ्यात मात्र चंद्रदर्शनाची वाट पाहिली जाते. वर्गात खोटे ठरले ते माझे वाक्य, आणि तेही ‘मुसलमानांची’ या एका शब्दामुळे.

दुसरा प्रसंग बौद्ध धम्माच्या पाठाच्या वेळचा आहे. बाजारातून आणलेल्या तक्त्यावर ‘हीनयान’ आणि ‘महायान’ असे दोन रकाने होते. नागपुरातल्याच इंदोरा या बौद्ध वस्तीतून येणाऱ्या एका मुलीने तक्ता नीट वाचला आणि हळूच विचारले, ‘मॅडम, आपलं कोणतं? हीन म्हणजे त वाईट ना?’ मराठी बोलणाऱ्या मुलाला ‘हीन’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, आणि म्हणूनच तो शब्द या वयाच्या मुलांपुढे ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते. हे नाव त्या लोकांनी स्वतःसाठी घेतलेले नव्हे; महायानी परंपरेने ते इतरांना दिले. श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथील बौद्ध स्वतःला थेरवादी म्हणवतात. ‘थेर’ म्हणजे स्थविर, वडीलधारे भिक्खू, आणि थेरवाद म्हणजे त्या वडीलधाऱ्यांचे मत. मी तक्त्यावरचा शब्द त्याच दिवशी कागद चिकटवून बदलला.

मात्र त्या मुलीच्या ‘आपलं कोणतं?’ या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने मिळत नाही, आणि नागपुरात तर ते टाळताच येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले. चंद्रमणी ब्रह्मदेशाच्या थेरवादी परंपरेतले होते. त्यानंतर जमलेल्या लाखो लोकांना बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञाही दिल्या. या वाटेला नवयान म्हटले जाते. त्यातला ‘नव’ अभिमानाचा आहे, पण सरकारी अर्जातल्या ‘नवबौद्ध’ या शब्दातला ‘नव’ मुलांना खटकतो. ‘माझी आजीपण बौद्ध होती, मग आम्ही नवे कसे?’ असे एका मुलाने मला विचारले होते, आणि त्याचे गणित अगदी बरोबर होते. अर्जावर तो शब्द लिहावा लागतो, परंतु वर्गात मी फक्त ‘बौद्ध’ म्हणते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. या सगळ्या प्रकारांना मिळून काय म्हणावे? ‘गट’ म्हटले की मुलांच्या मनात भांडण येते. ‘फूट’ हा शब्द तर एक कोणीतरी खरा आणि दुसरा फुटलेला, असा निवाडाच करून टाकतो. ‘शाखा’ वाईट नाही, पण नागपुरातील मुलांच्या डोळ्यांपुढे मैदानावरची शाखा तरी येते किंवा बँकेची. ‘संप्रदाय’ मला मनापासून आवडतो, कारण त्यात हातोहात पुढे देण्याचा अर्थ आहे आणि वारकरी संप्रदायामुळे मराठीत त्याला मान आहे. अडचण अशी की आमची मुले हिंदी बातम्याही तितक्याच ऐकतात आणि हिंदीत ‘सांप्रदायिक’ हा शब्द दंगलीच्या बातमीत येतो. मग राहतात ‘पंथ’ आणि ‘परंपरा’. या दोहोंपैकी कोणता शब्द आपण निवडाल, आणि उर्दूतील ‘फिरका’, ‘मसलक’ हे शब्द मराठी वर्गात आणावेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी उर्दू माध्यमाच्या शाळेत अनेक वर्षे शिकवले आहे, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ‘फिरका’ हा अरबी शब्द वेगळे करणे या अर्थाच्या धातूपासून आला असून शिया आणि सुन्नी अशा मोठ्या विभागांसाठी वापरतात. पण ‘फिरकापरस्ती’ (धार्मिक तेढ) या शब्दामुळे त्यालाही आपल्या ‘सांप्रदायिक’सारखाच डाग लागलेला आहे. ‘मसलक’ हा शब्द आपल्या मोहल्ल्यांत बहुधा सुन्नींमधील बरेलवी, देवबंदी, अहले हदीस असा फरक सांगताना येतो. ‘मजहब’ म्हणजे आपण धर्म समजतो, परंतु अरबीत त्याचा जुना अर्थ धर्मशास्त्राची पद्धत असा आहे, जसे हनफी किंवा शाफई. विदर्भातील बहुतेक सुन्नी हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान शाफई. दोघांच्या असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजाची वेळ वेगळी सुरू होते. म्हणजे उर्दूत तीन पातळ्यांना तीन शब्द आहेत आणि मराठीत त्या तिन्हींचे ओझे एकट्या ‘पंथ’ला वाहावे लागते. चौथीच्या मुलाला या पातळ्या सांगण्याची गरज नाही, पण शिकवणाऱ्याला त्या ठाऊक असल्या की बरेलवी आणि शिया एकाच रकान्यात जात नाहीत.

तरीही माझे मत ‘पंथ’ याच शब्दाला आहे, आणि त्याचे कारण व्युत्पत्तीत आहे. पंथ म्हणजे वाट. मसलक म्हणजेही चालण्याची वाट. मजहबच्या मुळाशी ‘जाणे’ हा धातू आहे, आणि महायानातल्या ‘याना’च्या मुळाशीही ‘या’, म्हणजे जाणे, हाच आहे. सूफींच्या सिलसिल्याला (गुरुशिष्यांच्या साखळीला) तरीका म्हणतात, तोही रस्ताच. सुन्नी हा शब्द ज्या ‘सुन्ना’वरून (प्रेषितांच्या आचरणाची रीत) आला, त्याला मराठीत मला ‘वहिवाट’ हा शब्द फार जवळचा वाटतो. ‘परंपरा’ या शब्दात दोष नाही, पण तो पाठीमागे पाहतो. त्या बोहरा मुलाची ईद मात्र आजची, त्याच्या घरातली आहे. शिवाय महानुभाव पंथाचे रिद्धपूर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात असल्याने विदर्भातल्या मुलांच्या कानांना पंथ हा शब्द परका नाही.

एक दुरुस्ती सुचवतो. तक्त्यावर ‘हीनयान’ पुसून त्याच जागी ‘थेरवाद’ लिहिणे पूर्णपणे अचूक नाही. प्राचीन काळी असे अनेक निकाय, म्हणजे भिक्खूंचे पंथ, होते (परंपरेने ते अठरा मोजले जातात) आणि त्यांपैकी थेरवाद आज टिकून आहे. मुलांना ‘आज पाळले जाणारे’ असे सांगितले, तर थेरवाद, महायान, तिबेटी वज्रयान आणि नवयान ही नावे पुरेशी आहेत. तिबेटी बौद्ध तर त्यांनी पाहिलेलेही असतात. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी कुटुंबांची त्यांना आठवण करून द्यावी. जपानी धाटणीचे विहार पाहायचे असेल, तर कामठीचे ड्रॅगन पॅलेस आहेच.

प्रस्तावकाचे उत्तर

सर, आपले मनःपूर्वक आभार. ‘पंथ म्हणजे वाट’ हे मुलांना एका वाक्यात सांगता येते, म्हणून तोच शब्द स्वीकारते, आणि तक्त्याला ‘आज पाळले जाणारे’ असे शीर्षकही देते. मात्र माझा अनुभव असा आहे की शब्द कितीही चांगला निवडला तरी वाक्यात ‘मुसलमान असे करतात’, ‘बौद्ध तसे करतात’ असे सरसकट अनेकवचन आले की तो वाया जातो. म्हणून मी मुलांना वाक्य कर्त्यापासून दुरुस्त करायला लावते : ‘काही’, ‘बहुतेक’, ‘आमच्या घरी’, ‘त्यांच्या मशिदीत’. वर्गातल्या कॅलेंडरवर आता ईदच्या दोन नोंदी होतात आणि खाली दोन्ही घरांची नावे मुलांनीच लिहायची असतात. बुद्धजयंतीच्याही दोन नोंदी आहेत, एक वैशाख पौर्णिमेची आणि दुसरी ८ एप्रिलची, कारण जपानमध्ये बुद्धांचा जन्मदिवस त्या तारखेला साजरा होतो. त्या दुसऱ्या नोंदीखाली इंदोऱ्याच्या त्याच मुलीने पेन्सिलने लिहिले आहे, ‘हे पण आपलेच’.